एवढे कोंबडे कायले, सर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, काही निसटलं तर दुरुस्त करा. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी सातवी-आठवीला विज्ञान शिकवता. वर्गात विचारलं, मटण कुठून येतं, तर अर्ध्या पोरांनी दुकानाचं नाव सांगितलं आणि उरलेली हसली. शाळेमागे कुंपणाची रिकामी जागा आहे. तिथं वीसेक ब्रॉयलरची पिलं आणावीत, मुलांनी ती वाढवावीत आणि शेवटी त्यांच्यासमोर कापून "हे पाहा, असं येतं" म्हणून दाखवावं, असा तुमचा बेत. मुख्याध्यापक टाळाटाळ करतात, दोन पालक येऊन बोलून गेले, आणि तुम्ही विचारताय की हे करावं का, आणि करायचं तर कसं.

करा, ताई. फक्त ब्रॉयलरनं सुरुवात करू नका आणि सुरीनं शेवट करू नका.

मी 29 वर्षं सरकारी दवाखान्यात ढोरांचा डॉक्टर होतो, बहुतेक काळ यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत. नोकरीतली शेवटची काही वर्षं आणि निवृत्तीनंतर आजपर्यंत चार शाळांमध्ये पोरांबरोबर हे काम केलं. एका ठिकाणी साफ फसलो, तेही सांगतो.

ब्रॉयलर का नको? हिशेबाला तो सोपा, म्हणून सगळ्यांना तोच सुचतो. 40 दिवसांत दोन किलो, आणि किलोभर वजनाला पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य. पण त्या पिलाला आई नाही. त्याचं अंडं मुलांनी पाहिलेलं नाही. ते उकिरडा उकरत नाही, झाडावर चढून बसत नाही, शेवटच्या दोन आठवड्यांत तर नुसतं बसून असतं. खाद्याचं पोतं आत गेलं आणि मांस बाहेर आलं, एवढंच पोरं शिकतात, आणि ते तर रस्त्याकडेच्या पोल्ट्रीच्या शेडकडे बोट दाखवूनही सांगता येतं. शिवाय आपल्याकडचं ऊन. पारा 42 च्या वर गेला की ब्रॉयलर दुपारी दोन ते चारमध्ये पटापट मरतो. पत्र्यावर ओलं गोणपाट टाका, पाण्यात गूळ घाला, तरी मरतो. पोरांच्या हाती पहिलाच अनुभव तो नको.

त्याऐवजी गावात कोणाकडे खुडूक बसलेली देशी कोंबडी मिळते का पाहा. ती आणा, आणि सात दिवसांपेक्षा शिळी नसलेली दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवा. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. अंडी मात्र कोंबडा असलेल्या कळपातलीच हवीत. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यातून पिलू निघत नाही. हे वाक्य वर्गात उच्चारलं की निम्मा तास त्यातच जातो, आणि तो जाऊ द्यावा. सातव्या-आठव्या रात्री खोली अंधारी करून मोबाइलच्या उजेडावर अंडं धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात आणि मधला ठिपका हलतो. मी हजारो जनावरं तपासली आहेत, पण ते पाहताना पोरांचे चेहरे जसे होतात तसं दुसरं काही पाहिलेलं नाही. ज्यात शिरा नाहीत ती अंडी काढून टाकायची. एकविसाव्या दिवशी पिलं.

आता खरी गोष्ट पुढं आहे. दीड-दोन महिन्यांनी काही पिलांचे तुरे लाल व्हायला लागतात, मान ताठ होते, एकमेकांवर उड्या सुरू होतात. दहा पिलांत पाच-सहा कोंबडे. चौथ्या-पाचव्या महिन्यात ते आरवतात, कोंबड्यांची पाठ सोलून काढतात, एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. माझ्या दुसऱ्या शाळेत सहावीतली एक पोरगी दाणे टाकता टाकता थांबली आणि म्हणाली, "सर, अंडे तं कोंबड्याच देते. मंग एवढे कोंबडे कायले?"

मी काहीच बोललो नाही. मागून एक पोट्टा म्हणाला, "खाले. अजून कायले." वर्ग हसला नाही. त्यांना कळलं होतं.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच आहे. मांस कुठून येतं याचं उत्तर कापण्यात नाही, या प्रश्नात आहे. अंडी आणि दूध हवं असेल तर मादी लागते, मादीबरोबर तेवढेच नर जन्माला येतात, आणि त्या नरांचं काय करायचं हा प्रश्न जनावरं पाळणाऱ्या प्रत्येक माणसापुढं हजारो वर्षं आहे. पोरांना तो प्रश्न पुस्तकातून देऊ नका. चार महिने थांबलात तर तो आपल्या पायानं वर्गात येतो. ब्रॉयलरमध्ये तो कधीच येत नाही, कारण नर-मादी ओळखू यायच्या आतच पक्षी गेलेला असतो.

बकरीतही तेच. जमलं तर जुलैत एक गाभण बकरी घ्या. आपल्या अमरावती, अकोला, वर्धा, नागपूर पट्ट्यातली बेरारी ही नोंद झालेली जात आहे. इथल्या उन्हाला, तुरीच्या कुटाराला आणि बाभळीच्या शेंगांना सरावलेली. गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांनी बकरी विते, बरेचदा जुळी होतात. पाठ, म्हणजे मादी पिलू, झाली तर ठेवायची आणि बोकड झाला तर वाढवून विकायचा, हे गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती क्षणभरही थांबणार नाही. पोरं थांबतात. त्यांना थांबू द्या.

इथं एक सावधगिरी. मोठ्या वर्गात कोणीतरी पुढचं विचारतंच: "मंग गोऱ्ह्याचं काय?" आपल्याकडची पोरं तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा मागत वाढलेली असतात, आणि त्यांच्याच गावात ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्हे मोकाट सोडलेले दिसतात. कायदा काय आहे तेवढं सरळ सांगा: गायीच्या कत्तलीला राज्यात 1976 च्या कायद्यानं बंदी होती, मार्च 2015 पासून बैल आणि वळूही तिच्यात आले, म्हैस-रेडा तिच्यात नाही. त्यापुढचा वाद शाळेच्या आवारात नको. तो बाप लोकांना करू द्या, त्यांना वेळ असतो.

आता फसलेली शाळा. ती पहिलीच होती. जुलैत दोन बोकडं आणली, पोरांनी एकाचं नाव शेरू ठेवलं, मला ते गोड वाटलं. शेवट काय होणार हे मोठ्यांना ठाऊक होतं, पोरांना आम्ही सांगितलं नाही. पुढं पाहू म्हटलं. दिवाळीच्या सुट्टीत बोकडं विकली, पैशातून शाळेला वजनकाटा घेतला, आणि सुट्टीनंतर पोरांना म्हटलं की बोकडं "मोठ्या गोठ्यात" गेली. गावात काय लपून राहतं? तिसऱ्या दिवशी एका पोरानं मधल्या सुट्टीत सांगून टाकलं की शेरू त्याच्या मामाच्या घरी वाट्यात आला होता, त्यानं खाल्लासुद्धा. त्याला बिचाऱ्याला वाटलं, ही अभिमानाची गोष्ट. शेरूला रोज पाला आणणारी पोरगी त्या दिवसानंतर माझ्याशी बोलली नाही. बोकड कापला म्हणून नाही. तिची आईसुद्धा कोंबडा सोलते. मी खोटं बोललो म्हणून.

तेव्हापासून माझा एकच नियम: शेवट पहिल्या दिवशी सांगायचा. पिलं आणायच्या आधी फळ्यावर लिहायचं, यातल्या माद्या राहतील, नर इतक्या महिन्यांनी विकले जातील आणि लोक ते खातील. ज्याला यात काम करायचं नाही त्यानं भाजीच्या वाफ्यावर जावं, मार्क तेवढेच. चार शाळांत मिळून अशी पाच-सहाच पोरं वाफ्यावर गेली, आणि त्यातली दोन महिन्याभरात परत आली, कारण वाफा हलत नाही.

परदेशात हे प्रयोग पूर्वीपासून होतात आणि तिथंही ठेच इथंच लागते. इंग्लंडात केंट परगण्यातल्या लिड गावच्या प्राथमिक शाळेनं मार्कस नावाचा मेंढा पाळला होता. 2009 मध्ये मुलांच्याच मंडळानं 13 विरुद्ध 1 मतांनी ठरवलं की तो कापायला पाठवायचा. पोरांचं ठरलं होतं. गोंधळ घातला तो बाहेरच्यांनी, आणि इतका की पुढं मुख्याध्यापिकेनं राजीनामा दिला. दुसरी गोष्ट अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात शास्ता जिल्ह्याच्या 2022 च्या जत्रेत नऊ वर्षांच्या एका मुलीनं वाढवलेला बोकड लिलावात गेला, आणि ऐन वेळी ती म्हणाली, नको. आई बोकड घेऊन गेली, पैसे भरून द्यायला तयार झाली, तरी पोलीस शेकडो मैल गाडी हाकत गेले, बोकड घेऊन आले आणि तो कापला गेला. पुढं खटला चालला आणि 2024 मध्ये सरकारी बाजूला तीन लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं. म्हणून माघारीचा नियमही आधीच ठरवा. आमच्याकडे असा आहे: एखाद्या पोराच्या घरच्यांना जनावर ठेवून घ्यायचं असेल तर बाजारभावानं शाळेला पैसे द्यायचे आणि न्यायचं. आजवर एकदाच झालं. तो कोंबडा त्यांनी पोळ्याच्या करीला खाल्ला, पण तो त्यांचा प्रश्न.

नावं ठेवू द्यायची की नाही, हे सगळेच विचारतात. ठेवू नका म्हटलं तरी पोरं ठेवतात, फक्त तुमच्यासमोर घेत नाहीत. मी असं करतो की माद्यांना नाव, नरांना कानात नंबर. बकरीचं नाव लाडी, तिच्या बोकडाचा नंबर 3. हा फरक पोरांच्या रोज डोळ्यांसमोर राहतो. नंबरवालाही त्यांना आवडतोच, त्यालाही खाजवतात, पण तो कोण आहे हे विसरत नाहीत.

पालकांकडे वळू. तुम्ही आधी वर्गात विषय काढून मग पालकांना कळवलं, तिथं चूक झाली. आधी पालकसभा, तीही शाळेत नको, संध्याकाळी पारावर किंवा समाजमंदिरात. आपल्याकडे एका वर्गात कोण कोण बसतं ते आठवा. एखादं घर महानुभावांचं असतं, रिद्धपूरला जाणारं, अंडंही न शिवणारं. एखादा बाप माळकरी. गाडगेबाबांनी याच मुलखात गावोगाव फिरून देवापुढं बकरं कापू नका म्हणून सांगितलं, ते ऐकून सोडलेली घरं आजही आहेत. त्याच बाकावर गोंडाचं पोरगं, ज्याचा आजा पेनाला, म्हणजे त्यांच्या देवाला, कोंबडा देतो तेव्हा पाय धरायचं काम त्याच्याकडे असतं. त्याच्या शेजारी खाटकाचा मुलगा, जो बापाचा धंदा वर्गात सांगत नाही. या सगळ्यांना एकच धडा एकाच पद्धतीनं देता येत नाही. शहरातली माणसं लिहितात की मुलांचा जनावरांशी संबंध तुटला, तो जोडायचाय. इथं तो अर्ध्या पोरांचा तुटलेलाच नाही. मारेगावकडच्या एका शाळेत मी मोठ्या गंभीर चेहऱ्यानं "आपण आज एक कठीण गोष्ट पाहणार आहोत" म्हणून सुरू केलं, तर मागचा पोरगा म्हणाला, "सर, त्याची मान अशी नोका धरू, फडफडते." तो मला शिकवून राहिला होता.

अशा पोरांना सुरीचं काही शिकवायचं नसतं. त्यांना येत नाही तो हिशेब, येत नाहीत रोग, आणि जनावर आतून कसं असतं हे पाहूनही त्याची नावं येत नाहीत. शाकाहारी घरच्या पोरांना तुम्ही एकच शब्द द्या, की कोणाला काही खायला दिलं जाणार नाही आणि कापताना कोणी पाहायचं नाही. बहुतेक विरोध तिथंच संपतो. एक जपा: शेण-लेंड्या काढायचं आणि खुराडं खरवडायचं काम कोणाकडे जातं यावर नजर ठेवा. पाळी लावली नाही तर दुसऱ्या आठवड्यात ते काम आपोआप ठरावीक घरच्या पोरांकडे सरकतं. मी पाहिलंय. पाळीचा तक्ता भिंतीवर, आणि पहिल्या दिवशी पहिलं नाव तुमचं.

खाटकाला बोलवा. मी एका शाळेत बोलावलं तेव्हा तो दोनदा नाही म्हणाला, मग इस्त्रीचा शर्ट घालून आला. बोकडाच्या कण्यावर आणि कमरेवर हात फिरवून म्हणाला, बावीस किलो. काट्यावर साडेएकवीस भरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं सांगितलं की यातून मटण दहा किलोच्या आतच निघेल, आणि का, ते बोट लावून दाखवलं: कातडं, मुंडी, खूर, पोटातला चारा. जिवंत वजनाच्या 45 ते 50 टक्के, हे मी वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना सांगत होतो, पण माझ्या टक्क्यांपेक्षा त्याचं बोट जास्त कामाचं ठरलं. नंतर त्याच्या मुलानं मला सांगितलं की बापानं तो शर्ट पुन्हा इस्त्री करून ठेवला आहे. काहून, ते मी विचारलं नाही.

वहीचं काम सगळ्यांत महत्त्वाचं, आणि शिक्षक नेमकं तेच सोडतात. एक जाड वही, रोज एका जोडीची पाळी. आज किती खाद्य टाकलं, किती उरलं, पाणी किती, कोण मंद बसलं, विष्ठा कशी. दर शनिवारी प्रत्येक पक्ष्याचं वजन, हुकच्या काट्यावर कापडी पिशवी अडकवून. सातवीचं सरासरी, शेकडेवारी, आलेख यातच होऊन जातं. आमच्याकडे गिरिराजसारख्या सुधारित पक्ष्याला दीड किलोचा होईस्तोवर चार-साडेचार किलो खाद्य लागलं. देशीला दाणा कमी लागतो पण दिवस दुप्पट. शाळेतली उरलेली खिचडी थोडी चालते, पण मीठ जास्त असेल तर पिलं मरतात, हे पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना आधीच सांगून ठेवा. शेवटी विक्रीच्या दिवशी पोरं भागाकार करतात आणि एका किलोची खरी किंमत काढतात. त्यात स्वतःच्या मेहनतीचे पैसे धरायचे का, यावर आमच्या आठवीच्या वर्गात दोन तास भांडण झालं. "माया बाप धरत नाही," एक पोरगा म्हणाला. कापूस पिकवणाऱ्या घरातला होता.

1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून गांधीजींची नई तालीम निघाली. हातानं काम करत त्यातूनच गणित-विज्ञान शिकायचं. तिच्यात सूत होतं, शेती होती, गोठा होता; मांस असणं शक्यच नव्हतं. पण मुख्याध्यापकांना पटवायचं असेल तर वर्ध्याचं नाव घ्या, पद्धत तीच आहे.

रोगांचं थोडं लांबवून सांगतो, कारण इथं चूक झाली तर सगळं बसतं. तिसऱ्या शाळेत राणीखेत रोगावरची लासोटा लस मीच नेली. थर्मासमधला बर्फ वाटेत वितळला होता, ते पाहिलं आणि तरी मनाची समजूत घातली की एवढ्यानं काय होतंय. डोळ्यात एकेक थेंब टाकला. सव्वा महिन्यानं मानमोडी, म्हणजे तोच राणीखेत, आली. माना वाकड्या, हिरवी हगवण, 40 पैकी 11 पक्षी उरले. पोरांनी शाळेमागे खोल खड्डा खणला, चुना टाकला, मोजून 29 पुरले. त्या दिवशी एकानं वहीत लिहिलं, "29 गेले. खाल्ले नाही." सुरीपेक्षा त्या खड्ड्यानं पोरांना जास्त हलवलं. तेव्हा लस पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची, महिन्यानं पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवी, आठव्यात राणीखेतची सुई. बर्फ असेपर्यंतच, आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या माणसाच्या हातून. पावसाळ्यात तूस ओला राहिला की रक्ती हगवण येते. रोज उलथा, ओला भाग काढून टाका. बकरीला आंत्रविषाराची लस पावसाच्या तोंडाला, पीपीआर या बकऱ्यांच्या साथीच्या रोगाची एकदा दिली की तीन वर्षं पाहायला नको.

पोरांना दोन गोष्टी पाठ करून घ्या. अचानक मेलेलं जनावर खायचं नाही आणि उघडायचंही नाही, नाकातोंडातून रक्त आलं असेल तर हातसुद्धा लावायचा नाही, कारण तो फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकतो आणि तो माणसाला लागतो. आणि खुराड्यातून आलं की साबणानं हात, कोपरापर्यंत. बकरी गाभडली तर तो भाग पोरांनी साफ करायचा नाही. एकदम बरेच पक्षी मेले तर लपवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारावे लागतात, गावभराचं नुकसान. आणि डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात गोरेवाड्याच्या केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच विषाणूनं गेले, तेव्हा हा नुसता कोंबड्यांचा आजार राहिलेला नाही. औषधाच्या बाटलीवर किती दिवस मांस-अंडी खाऊ नयेत ते लिहिलेलं असतं. ते वाचायचं काम पोरांना द्या, मोठे वाचत नाहीत.

आता कापणं. शाळेच्या आवारात नाही, सगळ्या वर्गासमोर नाही, आठवीच्या खाली तर नाहीच. पालिकेच्या हद्दीत परवान्याच्या कत्तलखान्याबाहेर बकरा कापायला 2001 च्या नियमांनी मनाई आहे, आणि तुमचं गाव नगरपंचायतीचं असेल तर ते आधी विचारून घ्या. त्याच नियमांत काही गोष्टी अशा आहेत की त्या पोरांना सांगाव्यात: गाभण जनावर कापायचं नाही, तीन महिन्यांखालचं नाही, ज्याच्यामागे तेवढं लहान पिलू आहे तेही नाही, आणि एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. हे ऐकल्यावर पोरं बाजारात डोळे उघडे ठेवून फिरतात. सायकलच्या दांड्याला उलट्या लटकवलेल्या कोंबड्या त्यांना पहिल्यांदा दिसतात, आणि जनावरांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात त्यालाही मनाई आहे म्हटलं की ती तावातावानं विक्रेत्याला सांगायला जातात. मला दोनदा मध्ये पडावं लागलं.

ज्या मोठ्या मुलांना पाहायचंच आहे त्यांनी घरच्यांच्या लेखी होकारानं, तिघं-चौघं मिळून, खाटकाच्या ठिकाणी जावं. मोबाइल शाळेत ठेवून. अर्ध्यातून परत आलं तरी कोणी हसायचं नाही, हे जाण्याआधी बजावायचं. बाकी वर्गासाठी मी दुसरं करतो. कापलेली, पिसं काढलेली पण पोट न उघडलेली एक कोंबडी वर्गात आणतो, टेबलावर केळीचं पान टाकतो आणि उघडतो. अन्नपिशवीत सकाळचे दाणे जसेच्या तसे. पोटा चिरला की आत खडे, आणि दात नसलेली कोंबडी ज्वारी कशी दळते ते एका क्षणात कळतं. कलेजी, तिला चिकटलेलं हिरवं पित्त, ते फुटलं तर सगळं कडू होतं हे एखादी पोरगी आपण होऊन सांगते. हृदय बोटाएवढं. तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली कोंबडी, असेल तर अंड्यांचा घोस, मोहरीपासून बोराएवढ्या पिवळ्या गोळ्यांपर्यंत रांगेनं. तिथं एरवी बडबडणारा वर्ग गप्प होतो. बकऱ्याची वजडी धुऊन आणली तर पोटाचे कप्पे मोजता येतात. जाळीचा कप्पा पाहून पोरं म्हणतात, हा तर आमच्या रश्शात असतो.

मांस शाळेत शिजवायचं नाही. अंड्यावरूनच राज्यात काय चाललंय ते पाहताच आहात: नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडं ठरलं, न खाणाऱ्याला केळी, जानेवारी 2025 मध्ये त्याचे पैसे थांबले आणि लोकसहभागातून द्या असं आलं. तुमच्या कोंबड्या अंडी द्यायला लागल्या की ज्यांच्या घरचा होकार आहे त्यांना ती उकडून देता येतील, त्याची नोंद वेगळी ठेवा. कोंबडे मात्र बाजारात विका. एका शाळेत पोरांनी ते शिक्षकांनाच विकले आणि बाजारापेक्षा तीस रुपये जास्त घेतले.

वेळापत्रक असं धरा. आपल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जुलैत पालकसभा, खुराडं, पाळीचा तक्ता. खुराड्याला जाळी दुहेरी आणि खाली दगड, मुंगूस उकरून येतो. जंगल जवळ असेल तर रात्री बकरी उघड्यावर नकोच, बिबट्याला शाळेची वेळ कळते. खुडूक कोंबडी ऑगस्टात बसवली तर कोंबड्याचा प्रश्न दिवाळीनंतर उगवतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत विक्री होते, परीक्षेच्या आधी आणि उन्हाच्या आधी. दिवाळीच्या सुट्टीत दाणा-पाणी कोण पाहणार हे आत्ताच ठरवा, दोन घरांची नावं लिहून घ्या, एकाचं पुरत नाही. मे महिन्यात माद्या पोरांच्या घरी वाटून द्या, जूनमध्ये परत. दरवर्षी एखादी परत येत नाही. तिच्याबद्दल चौकशी करत बसू नका, वहीत "गेली" लिहा.

त्या दोन चिडलेल्या पालकांपैकी एकाकडे आजच संध्याकाळी जा, आणि खुडूक कोंबडी त्यांच्याच घरची मिळते का विचारा.